मंगळवारी बसवलं, सोमवारी गायब

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी ब्रेल छापखान्याची वेबसाइट तिसऱ्यांदा आडवी झाली, आणि या वेळी ती कोणी आडवी केली याबद्दल कार्यालयात कोणाला शंका उरली नाही.

ही वेबसाइट म्हणजे छापखान्याचा उजवा हात. शाळांनी आपली प्रश्नपत्रिका साध्या अक्षरांत चढवायची, बटण दाबायचं, की ती उठावाच्या ठिपक्यांत रूपांतरित होऊन आतल्या खोलीतल्या यंत्राकडे जायची. शुक्रवारी गणिताची परीक्षा होती. त्रेचाळीस अंध मुलं ती देणार होती, आणि पडद्यावर ठिपक्यांऐवजी एकच ओळ येत होती : मॉड्यूल सापडत नाही. गेल्या सोमवारी हीच ओळ आली होती, त्याच्या आदल्या सोमवारीही हीच.

वेबसाइट सांभाळायला चौतीस वर्षांची एक बाई होती. तिला आपण भाची म्हणू, कारण ही गोष्ट तिच्या आत्याच्या बाजूने सांगायची आहे. भाचीने दोन्ही वेळा मंगळवारचा अख्खा दिवस मोडून सगळी मॉड्यूलं पुन्हा बसवली होती. ती आठवडाभर सुतासारखी सरळ चालली आणि शनिवार-रविवार मध्ये गेला की गायब झाली.

संचालिकाबाईंनी साडेदहाला भाचीला खोलीत बोलावलं. समोर टाइप केलेलं पत्र होतं, खाली सहीची जागा तेवढी मोकळी. आरडाओरडा करणं हा बाईंचा स्वभाव नव्हता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं की चार वाजता कार्यकारी मंडळ बसणार आहे, तोवर भाचीने स्वतःहून कबूल केलं तर पत्रातला 'विश्वासघात' हा शब्द काढून टाकता येईल. नोकरी मात्र दोन्ही प्रकारे जाणार.

भाची बाहेर आली, जिन्यात उभी राहिली आणि तिने आत्याला फोन केला. "आत्या, तुझा प्रोग्राम पुन्हा मेला," ती म्हणाली. "आणि खून मी केलाय म्हणतात."

२

वीस वर्षांपूर्वी तो प्रोग्राम आत्यानेच लिहिला होता. टेलिफोन खात्यातली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, एका पैची अपेक्षा न ठेवता. आता ती निवृत्त होती, गुडघे कुरकुरत होते, आणि तिचा स्वभाव मुळातच असा की तीन मिनिटं रांगेत उभं राहावं लागलं तरी पुढच्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. बस दोनदा बदलून ती साडेअकराला पोचली ती आधीच चिडून.

"सगळं पहिल्यापासून सांग," ती भाचीच्या टेबलाशी बसत म्हणाली. "आणि रडायचं असेल तर ते चारनंतर."

भाची रडत नव्हती. तिने सांगायला सुरुवात केली, आणि आत्याला निम्मं माहीत असूनही तिने मध्ये तोंड घातलं नाही.

छापखान्याला स्वतःचा सर्व्हर परवडत नव्हता, म्हणून वेबसाइट शेअर्ड होस्टिंगवर होती. म्हणजे एका मोठ्या कॉम्प्युटरवर शेकडो संस्थांची बिऱ्हाडं, आणि मालक दूर कुठेतरी. आत्याच्या, पर्ल या कॉम्प्युटर-भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामला जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे लागतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. मालक ते सामाईक जागेत बसवू देत नाही. ज्याने त्याने ते आपल्या खोलीत, आपल्या फोल्डरमध्ये बसवायचे. एक बसवायला जावं तर ते म्हणतं मला आधी दुसरं पाहिजे, दुसरं म्हणतं तिसऱ्याशिवाय मी येत नाही, आणि सतराव्या पाहुण्याची सोय झाल्यावर कळतं की पहिलाच रुसून परत गेलाय. भाचीचा मंगळवार यातच जायचा.

"मी दोन वर्षं सांगतेय की इथून हलू या," भाची म्हणाली. "गेल्या बैठकीत मी म्हटलं होतं, एक दिवस हे सगळं बंद पडेल तेव्हा तुम्हाला कळेल."

"इतिवृत्तात आलं ते?"

"शब्दाला शब्द."

आत्याने कपाळावर हात मारला. एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक, पण भाचीने स्वतःच्या पायावर आणखी एक धोंडा पाडून घेतला होता. दुसऱ्यांदा मॉड्यूलं गेल्यावर तिने पासवर्ड बदलला. जुना पासवर्ड तिघांना ठाऊक होता, तिला, संचालिकाबाईंना आणि दप्तरदारांना. नवा तिने कोणालाच सांगितला नाही. एका पाकिटात घातला, पाकीट लाखेने बंद केलं आणि बाईंच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. आज सकाळी बाईंनी सगळ्यांसमोर ते पाकीट काढलं. लाख जशीच्या तशी होती.

"म्हणजे आत फक्त तूच जाऊ शकत होतीस."

"हो."

"आणि काल रविवारी?"

भाचीने मान खाली घातली. काल ती कार्यालयात आली होती, पहारेकऱ्याच्या वहीत तशी नोंद होती. अकराला आत, एकला बाहेर. शुक्रवारच्या पेपरची एकदा चाचणी घेऊन पाहावी म्हणून. बाराला सगळं चालत होतं, असं ती सांगत होती आणि त्याला साक्षीदार कोणी नव्हता.

आत्याने फोल्डर उघडायला लावला. तिला वाटलं होतं सगळं साफ झालेलं असेल. तसं नव्हतं. खोकी जागेवर होती आणि त्यातलं निवडक सामान गेलं होतं. चारशे बारा फायली गेल्या होत्या, एकसष्ट राहिल्या होत्या. भाचीने मागच्या मंगळवारची यादी ठेवली होती म्हणून हा आकडा तरी कळला.

आत्याने दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि पाच मिनिटांत तिला त्यातली मेख दिसली. राहिलेल्या फायली बहुतेक सगळ्या इथे, या सर्व्हरवर, बसवताना तयार झालेल्या होत्या. गेलेल्या सगळ्या बाहेरून तयार आलेल्या, लेखकांनी लिहिलेल्या. रागाने हात फिरवणारा माणूस सगळंच उडवतो. इथे कोणीतरी पाहुणे आणि घरचे वेगळे केले होते, आणि हा फरक कळणारं माणूस या इमारतीत एकच होतं.

तिने भाचीकडे पाहिलं. भाची नख खात बसली होती, लहानपणापासूनची सवय. हिने केलं असेल तर, हा विचार आत्याच्या मनात आला आणि हाकलूनही जाईना.

३

संचालिकाबाईंनी तिला दहा मिनिटं दिली. त्यांनी चहा मागवला, खुर्ची दिली, आणि आत्याने प्रोग्राम फुकट लिहून दिल्याबद्दल वीस वर्षांनी पुन्हा एकदा आभार मानले. मग म्हणाल्या, "तुम्ही तिच्या आत्या. तुम्ही काय सांगणार हे मला आत्ताच माहीत आहे."

आत्याच्या मनात आलं, काय सांगणार ते मला माहीत असतं तर किती बरं झालं असतं. तिने मॉड्यूलचा विषय काढलाच नाही, कार्यालय कसं चाललंय एवढंच विचारलं. बाईंना तो प्रश्न फारच मानवला. कार्यालय डोक्याला ताप झालं होतं. होस्टिंगवाले महिन्याभरात दोनदा काहीतरी पत्र पाठवून बसले होते, ती पत्रं दप्तरदारांकडे जातात, कारण खातं त्यांनीच कधीकाळी उघडलेलं. दप्तरदारांचं तर विचारूच नका. मागच्या आठवड्यात मंडळाला हवी म्हणून बाईंनी आपल्या पदवीच्या प्रमाणपत्राची नवी कोरी झेरॉक्स काढून त्यांच्याकडे दिली. दुसऱ्या दिवशी ती यंत्रात घालून बारीक केलेली. का, तर तिच्यावर सत्तावीस वर्षांपूर्वीची तारीख होती आणि सात वर्षांपुढचा कागद ठेवायचा नाही असा नियम आहे.

"झेरॉक्स आदल्या दिवशीची होती," बाई म्हणाल्या. "मी त्यांना शाई ओली दाखवली असती."

आत्या हसली. तेव्हा तिला त्यात हसण्यापलीकडे काही दिसलं नाही, आणि याचा तिला पुढे फार राग आला.

मुद्रितशोधक आतल्या खोलीत होते. पंचावन्न वर्षांचे, जन्मापासून अंध, छापून आलेला प्रत्येक कागद बोटांनी वाचून चूक काढणारे. एकेकाळी सगळी पुस्तकं तेच हाताने टाइप करायचे. आत्याच्या प्रोग्रामने ते काम त्यांच्याकडून गेलं, आणि वीस वर्षांत त्यांनी आत्याला त्याबद्दल माफ केलेलं नव्हतं. हेतू शोधायचा तर याच्याइतका जुना आणि मुरलेला हेतू दुसरा नव्हता.

"तुमचं यंत्र बंद पडलं की मला बरं वाटतं," त्यांनी आत्याला विचारायची संधी न देता सांगून टाकलं. "अपूर्णांक अजून चुकवतं. पण बंद मी पाडलं नाही. मला ते पाडता येत असतं तर मी वीस वर्षं थांबलो नसतो."

आत्याला हे पटलं. ती उठायला लागली तसे ते म्हणाले की एवढ्या सगळ्यांना आज वेबसाइटचा पुळका आलाय, पण ते दोन आठवडे एक तक्रार करताहेत तिकडे कुत्रंही फिरकलेलं नाही.

"कसली तक्रार?"

वेबसाइट उघडली की आधी एक आवाज यायचा. दृष्टी नसलेल्या माणसाला पान कुठे आहे, बटणं कोणत्या क्रमाने आहेत, हे सांगणारा अर्ध्या मिनिटाचा आवाज. तो त्यांच्या गुरुजींचा होता, त्यांना ब्रेल शिकवणाऱ्या मास्तरांचा, बारा वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेला. मास्तर आता नव्हते. मुद्रितशोधक रोज सकाळी वेबसाइट उघडायचे ती कामासाठी नव्हे, आणि हे त्यांनी लपवलंही नाही.

"दोन सोमवारांपूर्वी उघडली तर गप्प," ते म्हणाले. "तेव्हापासून गप्पच आहे."

आत्या जागच्या जागी थांबली. आवाजाची ती फाइल मॉड्यूलांच्या फोल्डरमध्ये नव्हती. तिचा पर्लशी काडीचा संबंध नव्हता. आणि ती त्याच दिवशी नाहीशी झाली होती.

४

वाजला होता एक. आत्याने भाचीला आवाजाची फाइल शोधायला लावली. ती खरंच नव्हती. भाचीचा चेहरा पडला, कारण मॉड्यूलांच्या गोंधळात तिने मुद्रितशोधकांची तक्रार कानाआड केली होती. वेबसाइटची बाकीची पानं चार वर्षांपूर्वी नव्याने केलेली, ती धडधाकट. आत्याचा मूळ प्रोग्रामही जागेवर, त्यात भाची दरवर्षी परीक्षेचं साल बदलत असे.

भाचीला अडकवायचं असेल किंवा भाचीलाच छापखान्याची अडवणूक करायची असेल, तर मास्तरांच्या आवाजाने कोणाचं काय घोडं मारलं होतं? आत्या पुन्हा एकसष्ट फायलींच्या यादीकडे वळली. एकेक ओळ बोटाने वाचत गेली. इथे तयार झालेली, इथे तयार झालेली, इथे तयार झालेली. बत्तिसाव्या ओळीवर बोट थांबलं. ही फाइल बाहेरून आलेली होती, लेखकाने लिहिलेली, तरी राहिली होती. पंचेचाळिसावीही तशीच.

घरचे आणि पाहुणे वेगळे करणाऱ्या जाणकाराने दोन पाहुणे ओळखलेच नाहीत म्हणजे तो जाणकार नव्हता, निदान भाचीइतका तर नव्हताच. आत्याला जरा हायसं वाटलं आणि लगेच स्वतःचा राग आला, कारण हायसं वाटायला आधी जीव खालीवर व्हावा लागतो.

मग तिने होस्टिंगवाल्यांना फोन लावला. त्या फोनचं सविस्तर वर्णन करणं माणुसकीला धरून होणार नाही. पहिली एकोणीस मिनिटं बासरी ऐकू आली. मग एका प्रतिनिधीने गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि ब्राउझरची साठवण साफ करून पाहायला सांगितलं. आत्याने सांगितलं की फायली त्यांच्या सर्व्हरवरून गेल्या आहेत, तिच्या ब्राउझरमधून नव्हे. प्रतिनिधीने तिची अडचण पूर्णपणे समजल्याचं सांगितलं आणि कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगितला. पुन्हा बासरी. दुसरा प्रतिनिधी म्हणाला जागा अमर्याद आहे, काळजी नसावी. तिसऱ्याने सांगितलं जागा अमर्याद असली तरी फायलींच्या संख्येला मर्यादा आहे, आणि ती या खात्याने महिन्यापूर्वी ओलांडली होती.

"मग तुम्ही आमच्या फायली काढल्या?" आत्याचा आवाज चढला.

नाही, कंपनी ग्राहकाच्या फायलीला हात लावत नाही. कंपनीने फक्त पत्र पाठवलं. त्यावर ग्राहकाने फोन केला, आणि ग्राहकाच्या विनंतीवरून एक आपोआप चालणारं काम लावून दिलं. दर रविवारी दुपारी दोनला चालतं. ते लावल्याला आज अठरा दिवस झाले.

आत्याने बोटांवर मोजलं. अठरा दिवसांत रविवार तीन येतात. आणि एकदा लावून दिलेलं काम रोज दारावर पासवर्ड विचारत नाही, ते आधीच आत असतं. लाखेचं पाकीट, पहारेकऱ्याची वही, सगळं एका फटक्यात निकामी झालं.

"विनंती कोणी केली?"

प्रतिनिधीने खात्यावरचं पद वाचून दाखवलं. दप्तरदार.

५

दप्तरदार त्यांच्या कपाटांच्या रांगेत सापडले. सडसडीत माणूस, निवृत्तीला आठ महिने राहिलेले, प्रत्येक खोक्याच्या पाठीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात साल लिहिलेलं. त्यांनी काही लपवलं नाही. मॉड्यूलं तुम्ही काढली का, असं सकाळी सगळ्यांना विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि आताही नाहीच म्हणाले. फायली फार झाल्या म्हणून पत्र आलं. कागद फार झाले की जे करायचं तेच त्यांनी केलं. सात वर्षांपेक्षा जुनं असेल ते काढत जा, एवढी सूचना फोनवर दिली.

"कोणाला विचारलंत?"

"नियमाला काय विचारायचं?" त्यांना प्रश्नच कळला नाही.

चार वाजता मंडळाच्या खोलीत सगळे बसले. मंडळाचे तिघे, संचालिकाबाई, भाची, दप्तरदार, आणि दाराजवळ मुद्रितशोधक, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आत्याने होस्टिंगवाल्यांकडून कळलेलं मांडलं. खोलीत कुजबुज झाली. सगळ्यांच्या माना दप्तरदारांकडे वळल्या.

पण मग त्यांनीच तोंड उघडलं, आणि जे बोलले ते बिनतोड होतं. "मॅडम, नियम सात वर्षांचा आहे. हिने तिच्या फायली गेल्या मंगळवारी बसवल्या. सहा दिवसांच्या फायली सात वर्षांच्या नियमात कशा जातील?"

संचालिकाबाईंनी भाचीकडे पाहिलं. "तुला या नियमाची कल्पना होती?"

भाची म्हणाली, "होती. आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत पहिल्याच आठवड्यात दिसला होता. मलाही तेच वाटलं, सात वर्षांचा आहे, माझ्या फायली कालच्या. म्हणून मी पुढे गेले."

मंडळातल्या एकाने सुस्कारा सोडला. मास्तरांचा आवाज बारा वर्षांचा, तो नियमात गेला, हे कोणालाही कळत होतं. मॉड्यूलं त्यात जात नव्हती. बाईंनी चष्मा घातला, पत्र पुढे ओढलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"सही पाच मिनिटं थांबवा," आत्या म्हणाली. "वीस वर्षांपूर्वी फुकट प्रोग्राम लिहिलेल्या माणसाची तेवढी उधारी असते."

तिने भाचीला लॅपटॉप भिंतीवरच्या पडद्याला जोडायला सांगितला आणि गेलेल्यांपैकी एकच मॉड्यूल, सगळ्यात छोटं, सगळ्यांसमोर बसवायला सांगितलं. अपूर्णांकांचं होतं ते. एखाद मिनिटभर पडद्यावर ओळी धावल्या. बसलं.

"आज वार कोणता?" आत्याने दप्तरदारांना विचारलं.

"सोमवार."

"हे मॉड्यूल कधी बसवलं?"

"आत्ता. डोळ्यांसमोर."

"आता त्याची तारीख वाचा."

भाचीने फाइलची माहिती उघडली. दप्तरदार उठून पडद्याजवळ गेले, कारण त्यांना लांबून दिसत नव्हतं. त्यांनी तारीख वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. ती एकोणीस वर्षांपूर्वीची होती.

आत्याने मग सगळं उलगडून सांगितलं, आणि सांगताना तिचा राग मुख्यतः स्वतःवर होता. पर्लचं मॉड्यूल बसवलं की त्याची फाइल आपल्या फोल्डरमध्ये येते, पण तारीख घेऊन येते ती लेखकाकडची. ज्या दिवशी त्याने ती शेवटची हाताळली तो दिवस. ज्याने एकोणीस वर्षांपूर्वी काम चोख केलं आणि पुन्हा हात लावायची गरज पडू दिली नाही, त्याचं मॉड्यूल आज बसवलं तरी जन्मतः एकोणीस वर्षांचं. इथे तयार होणाऱ्या फायलींवर मात्र त्याच दिवसाची तारीख पडते, म्हणून त्या वाचल्या. बाहेरून आलेल्या दोन वाचल्या, त्यांच्या लेखकांनी त्या अलीकडे सुधारल्या होत्या, एक गेल्या वर्षी, एक तीन वर्षांपूर्वी.

"त्या दोन फायलींची तारीख मला दुपारी एकलाच दिसायला हवी होती," ती म्हणाली. "मंगळवारी बसवलेल्या फाइलवर तीन वर्षांपूर्वीची तारीख कशी, हा प्रश्न मला पडला तो जिना चढताना. गेलेल्या फायलींना विचारता येईना, त्या आपल्या तारखा घेऊन गेल्या होत्या. आणि सकाळी मॅडमनी मला झेरॉक्सची गोष्ट सांगितली, ती मी हसण्यावारी नेली. कागद कालचा, तारीख सत्तावीस वर्षांपूर्वीची, आणि नियम तारीख बघतो. तेच इथे झालं. हिने दर मंगळवारी बसवायचं आणि यांच्या नियमाने दर रविवारी नेमाने काढायचं. दोघं आपापलं काम मन लावून करत होते."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी जे केलं त्यात वाईट हेतू नव्हता, नुसती सवय होती. पत्र उचलून त्या दप्तरदारांकडे पाहत म्हणाल्या, "म्हणजे नाव बदलावं लागेल."

"मॅडम," भाची म्हणाली. "दोन आठवडे हे कोणी केलं असं सगळे विचारत होते. काय झालं असं एकानेही विचारलं नाही. आता पुन्हा तेच करू नका. सात वर्षांचा नियम कपाटांना चालला. तो वेबसाइटला चालेल का, हे सांगायचं काम माझं होतं. मी वाचला आणि पुढे गेले. नाव घालायचंच तर दोन घाला."

बाईंनी पत्र खाली ठेवलं. मंडळातल्या वयस्कर गृहस्थांनी पुढचा विषय घ्यायची सूचना केली, आणि बैठकीच्या भाषेत याचा अर्थ प्रकरण मिटलं असा होता.

दप्तरदार मात्र तिथून हलले नाहीत. ते मुद्रितशोधकांपाशी गेले आणि हळू आवाजात विचारलं, मास्तरांचा आवाज आणखी कुठे आहे का. नव्हता. "मी त्याला कागद समजलो," दप्तरदार म्हणाले. मुद्रितशोधकांनी हात पुढे केला, तो आधी हवेत चाचपडला आणि मग त्यांच्या दंडावर टेकला. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत.

६

साडेपाचला भाचीने रविवारचं काम बंद केलं, दुसऱ्यांदा खात्री केली, आणि मॉड्यूलं तिसऱ्यांदा पुन्हा बसवायला घेतली. शुक्रवारच्या आधी निदान एकदा सगळा पेपर छापून मुद्रितशोधकांच्या बोटांखालून जायला हवा होता. आत्याने घरी जायला हवं होतं, शेवटून दुसरी बस सात वाजता होती. ती बाजूच्या खुर्चीत बसून पडद्यावर धावणाऱ्या ओळी पाहत राहिली.

कार्यालय रिकामं होत गेलं. संचालिकाबाई जाताना दारात थांबल्या, उद्या बोलू म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना माफी मागायची होती हे दिसत होतं, पण ती त्यांच्या नियमात कुठे बसत नसावी.

"तुला एक सांगायचंय," आत्या म्हणाली. तिला हे बोलायला दिवसभरातल्या सगळ्या बासऱ्यांपेक्षा जड गेलं. "दुपारी यादी पाहिली तेव्हा मला वाटलं, तूच केलंस. तास-दीड तास मी तसंच धरून चालले होते. तुला अंगाखांद्यावर खेळवलंय मी, आणि तरी मला तसं वाटलं."

भाचीने पडद्यावरची नजर काढली नाही. एक मॉड्यूल अडलं होतं, त्याला हवं असलेलं दुसरं तिने आधी बसायला लावलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुझा चेहरा मला वाचता येतो. आई म्हणाली बाबांना घेऊन जा, ते भांडतील. बाबा भांडले असते. माझी मुलगी असं करणारच नाही म्हणून टेबलावर हात आपटला असता, आणि मॅडमनी सही केली असती. मला असं कोणीतरी हवं होतं जे माझ्यावरही संशय घेईल. घरात अशी तूच आहेस."

आत्या पिशवी उचलून उठायला लागली.

"वाईट वाटलं मला," भाची म्हणाली. "ते आज जाणार नाही. तू बस."

आत्या बसली. सात वाजले तेव्हा बस समोरच्या रस्त्याने गेली, ती दोघींनाही खिडकीतून दिसली, आणि दोघीही उठल्या नाहीत.